मुलांचे गणित पक्के व्हावे यासाठी घरी काय करावे: पहिली ते आठवीच्या पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

गणितात मागे पडलेले मूल बहुतेक वेळा चालू इयत्तेत मागे पडलेले नसते. सातवीच्या मुलाला समीकरणे सुटत नाहीत म्हणून त्याची वही नीट चाळावी, तर अडचण पाचवीच्या अपूर्णांकांत निघते आणि आणखी मागे गेल्यास तिसरीच्या हातच्याच्या वजाबाकीत सापडते. ग्रामीण मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या 'असर' या पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातील तिसरीच्या सुमारे एक तृतीयांश मुलांनाच हातच्याची दोन अंकी वजाबाकी जमली, आणि पाचवीच्या सुमारे ३१ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. ही मुले पुढच्या वर्गात जातच राहतात, पुस्तकही पुढे जात राहते, आणि मधली सुटलेली पायरी तशीच सुटलेली राहते. वर्गात चाळीस-पन्नास मुले असताना प्रत्येकाची सुटलेली पायरी शोधणे शिक्षकांना शक्य होत नाही. घरी मात्र एकच मूल समोर असते, म्हणून हे काम पालकच चांगले करू शकतात.

त्यासाठी पालकाला गणित उत्तम यावे लागत नाही. मुलाने एखादे उदाहरण कसे सोडवले हे शांतपणे ऐकून घेणे, ते कोठे अडले हे ओळखणे आणि तेथूनच सराव सुरू करणे एवढे जमले तरी पुरे आहे. पुढील सर्व पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: मूल नेमके कोठे अडले आहे ते शोधावे

सुट्टीच्या दिवशी, मूल ताजेतवाने असताना, त्याला कोऱ्या कागदावर चार-पाच उदाहरणे द्यावीत आणि ही परीक्षा नाही हे आधीच स्पष्ट सांगावे. तिसरी-चौथीच्या मुलासाठी ५२ − २७, ५०३ − २६८, ४६ × ७ आणि ६१२ ÷ ६ ही उदाहरणे पुरेशी आहेत. पाचवी-सहावीसाठी त्यांत १/२ + १/३ मिळवावे आणि ०.५ व ०.३५ यांपैकी मोठी संख्या कोणती हा प्रश्नही विचारावा. सातवी-आठवीच्या मुलाला याशिवाय ८ + ४ = □ + ५ या मांडणीतील रिकामी चौकट भरायला सांगावी.

उत्तर चूक की बरोबर यावर लगेच काही बोलू नये. बरोबर उत्तरालाही आणि चुकीच्या उत्तरालाही एकच प्रश्न विचारावा: "हे कसे केलेस ते मला सांग." मुलाचे बोलणे मध्येच तोडू नये. चुकीच्या उत्तरामागे बहुधा एक ठरावीक पद्धत असते आणि मूल ती पद्धत दर वेळी तशीच वापरत असते. ५२ − २७ चे उत्तर ३५ लिहिणारी मुलगी विचारल्यावर सांगते, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." या एका वाक्यातून जेवढे कळते तेवढे दहा उदाहरणे तपासून लाल फुल्या मारल्याने कळत नाही. तिला वजाबाकी येते, अंकही येतात. पाच दशकांतील एक दशक सुटा करता येतो ही कल्पना मात्र तिच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही.

६१२ ÷ ६ चे उत्तर १२ येत असेल, तर मुलाने मधला शून्य लिहिलेला नाही. ५०३ − २६८ करताना मूल शून्यापाशी थबकत असेल, तर शतक सुटे करून त्याचे दहा दशक होतात हे त्याला पक्के माहीत नाही. ०.३५ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी आहे असे सांगणारे मूल ३५ आणि ५ यांची तुलना करत असते. प्रत्येक चुकीची अशी एक-एक नोंद छोट्या वहीत तारखेसह करावी. महिन्याभराने हीच वही उघडल्यावर प्रगती डोळ्यांना दिसते आणि शिक्षकांशी बोलतानाही ती उपयोगी पडते.

दुसरी पायरी: दशक आणि एकक हाताळून दाखवावेत

अडचण वजाबाकीत असेल तर वहीतील सराव काही दिवस थांबवून घरातील पैसे बाहेर काढावेत. दहाच्या पाच नोटा आणि एक रुपयाची दोन नाणी मुलासमोर ठेवावीत, बाजूला एक रुपयाची दहा नाणी 'बँक' म्हणून ठेवावीत, आणि मुलाकडे २७ रुपये मागावेत. दोन नोटा देता येतात, पण सात नाणी देता येत नाहीत. मूल क्षणभर अडखळते आणि मग आपणहून दहाची एक नोट बँकेत देऊन दहा सुटी नाणी घेते. आता त्याच्याजवळ चार नोटा आणि बारा नाणी आहेत; त्यांतून दोन नोटा व सात नाणी दिली की दोन नोटा व पाच नाणी, म्हणजे २५ रुपये उरतात. नोट मोडली तरी एकूण रक्कम ५२ च राहिली, हे त्याच्याकडून वदवून घ्यावे, कारण हातचा घेताना काहीतरी कमी-जास्त होते असा समज अनेक मुलांच्या मनात घर करून असतो.

असे काही दिवस झाल्यावर पैशांची देवघेव आणि वहीतील मांडणी शेजारी-शेजारी करावी. नोट मोडली की वहीत ५ खोडून ४ लिहायचे आणि २ च्या जागी १२ करायचे. त्यानंतरच पैसे बाजूला ठेवून केवळ वहीवर यावे. नाणी पुरेशी नसतील तर आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून करावेत. शतकापर्यंतच्या उदाहरणांसाठी शंभराची एक खरी किंवा कागदाची नोट त्यात मिळवावी म्हणजे ५०३ − २६८ मधील शून्याची भीतीही जाते: पाच शंभरांपैकी एक मोडून दहा दहाच्या नोटा करायच्या, त्यांतील एक मोडून दहा नाणी करायची, आणि मग उत्तर २३५ आपोआप समोर येते.

मराठीतून गणित शिकणाऱ्या लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्रेचाळीस म्हणताना तीन आधी कानावर पडतो आणि चाळीस नंतर, लिहिताना मात्र ४ आधी लिहायचा असतो, त्यामुळे पहिली-दुसरीतील अनेक मुले ४३ ऐवजी ३४ लिहितात. एकोणतीस, एकोणचाळीस या संख्यांत पुढच्या दशकाचे नाव येते, म्हणून एकोणचाळीस लिहिताना हात आपोआप ४ कडे जातो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असे संख्यावाचन पर्याय म्हणून दिले गेले तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची हीच अडचण मांडली होती. रूढ संख्यानामे मुलाला आलीच पाहिजेत असे माझे मत आहे, कारण बाजारात आणि आजी-आजोबांच्या बोलण्यात तीच येतात. परंतु ओळख करून देताना "त्रेचाळीस, म्हणजे चाळीस आणि तीन" असे दोन्ही एकत्र म्हणायला काहीच हरकत नाही, आणि अंक उलटे लिहिणाऱ्या मुलाला त्यावरून रागावणे तर पूर्णपणे चुकीचे आहे.

तिसरी पायरी: पाढे समजून पाठ करावेत

पाढे पाठ करावेत की नाही यावर पालकांत दोन टोकाची मते आढळतात. पाठांतराशिवाय पुढचे गणित अवघड जाते हे खरे आहे, कारण भागाकार करताना दर पायरीला बोटांवर मोजणाऱ्या मुलाचे सारे लक्ष मोजण्यातच संपते आणि मूळ उदाहरण हातातून निसटते. परंतु एका सुरात म्हटलेल्या पाढ्याचीही एक मर्यादा आहे. सात आठे किती असे मध्येच विचारले की मूल 'सात एके सात'पासून सुरुवात करते, म्हणजे त्याला पाढ्याची चाल आठवते, गुणाकार आठवत नाही.

म्हणून क्रम थोडा बदलावा. प्रथम १०, ५ आणि २ चे पाढे घ्यावेत. त्यानंतर ९ चा पाढा घ्यावा. तो १० च्या पाढ्यावरून काढता येतो, कारण ९ × ७ म्हणजे ७० मधून ७ वजा केले की झाले ६३. याबरोबरच ३ × ८ आणि ८ × ३ यांचे उत्तर एकच असते हे फरशीच्या किंवा वहीच्या चौकोनांवर मोजून दाखवावे. हे पटले की २ ते ९ च्या पाढ्यांतील ६४ गुणाकारांपैकी वेगळे असे ३६ च उरतात. त्यांतून २, ५ आणि ९ चे वगळले की ३, ४, ६, ७, ८ यांच्या आपसातील १५ गुणाकारच खऱ्या अर्थाने पाठ करायचे राहतात. हे १५ एका कागदावर लिहून दाखवले की पाढ्यांना घाबरणाऱ्या मुलाचा चेहरा खुलतो. त्यांपैकी रोज दोन किंवा तीन घ्यावेत आणि प्रत्येकासाठी एक वाट शोधावी: सात चोक अठ्ठावीस येत असेल तर सात आठे म्हणजे त्याची दुप्पट, छप्पन्न. वाट माहीत असलेले मूल विसरले तरी उत्तर पुन्हा काढू शकते. क्रमाने पाढा म्हणण्याचा सराव जरूर ठेवावा, परंतु विचारताना मात्र उलटसुलट विचारावे, आणि "छप्पन्न कोणकोणत्या पाढ्यांत येतात?" असाही प्रश्न करावा, कारण भागाकाराला आणि पुढे लसावि-मसाविला तोच उपयोगी पडतो.

चौथी पायरी: शाब्दिक उदाहरणे बोलून सोडवावीत

मुलांना उदाहरण येते पण 'शाब्दिक' येत नाही, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. यामागे अनेकदा आपणच दिलेली एक सवय असते: 'एकूण' दिसले की बेरीज, 'उरले' दिसले की वजाबाकी, 'जास्त' दिसले की बेरीज. पुढील उदाहरण पाहावे. "राजूकडे १५ गोट्या आहेत. त्या सीमाच्या गोट्यांपेक्षा ६ ने जास्त आहेत. सीमाकडे किती गोट्या आहेत?" शब्दावरून क्रिया ठरवणारे मूल २१ लिहून मोकळे होते; प्रत्यक्षात सीमाकडे ९ च गोट्या आहेत.

यासाठी मुलाला उदाहरण मोठ्याने वाचायला लावावे, मग पुस्तक मिटून ते आपल्या शब्दांत गोष्टीसारखे सांगायला लावावे, आणि त्यानंतर दोन आडव्या पट्ट्या काढून राजूची पट्टी लांब की सीमाची हे विचारावे. आकडेमोड सर्वांत शेवटी. उत्तर आल्यावर ते पुन्हा गोष्टीत घालून पाहावे: सीमाकडे ९, त्याहून ६ जास्त म्हणजे १५, ताळा जुळला. उदाहरणे मुलालाच तयार करायला सांगितली तर आणखी उत्तम. किराणा मालाची यादी, एसटीचे तिकीट, दुधाचा महिन्याचा हिशेब यांतून ती सहज तयार होतात.

सेमी-इंग्रजीच्या आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांची अडचण कित्येकदा गणिताची नसून प्रश्नाच्या भाषेची असते. अशा वेळी प्रश्न इंग्रजीत वाचावा, चर्चा मराठीत करावी आणि उत्तराचे वाक्य पुन्हा शाळेच्या भाषेत लिहावे. घरातील मोठी माणसे गुणाकार म्हणतात आणि शाळेत मल्टिप्लिकेशन म्हणतात, या दोन्ही शब्दांची सांगड एकदा नीट घालून द्यावी म्हणजे आजोबांची मदत घ्यायला मूल संकोचत नाही.

पाचवी पायरी: अपूर्णांक आणि दशांश यांना सर्वांत जास्त वेळ द्यावा

माझ्या मते प्राथमिक गणितातील खरा घाट हाच आहे. चौथीपर्यंत चांगले गुण मिळवणारी मुले येथे अडखळतात, कारण आतापर्यंत पूर्ण संख्यांसाठी शिकलेले नियम येथे जसेच्या तसे चालत नाहीत. १/२ + १/३ चे उत्तर २/५ लिहिणारे मूल वरच्या अंकांची आणि खालच्या अंकांची सरळ बेरीज करते. त्याला नियम सांगण्याआधी एकच प्रश्न विचारावा: "अर्ध्यात आणखी काही मिळवले, तर उत्तर अर्ध्यापेक्षा मोठे यायला हवे की लहान?" २/५ ही संख्या तर अर्ध्यापेक्षा लहान आहे. हा विरोध मुलाच्या स्वतःच्या लक्षात आला की पुढचे शिकवणे सोपे जाते. मग बारा सारख्या चौकोनांची एक कागदी पट्टी घ्यावी. तिचा अर्धा भाग म्हणजे सहा चौकोन, एक तृतीयांश म्हणजे चार चौकोन, मिळून दहा चौकोन, म्हणजे १०/१२ किंवा ५/६. छेद समान का करायचा, याचे उत्तर त्या पट्टीवरच दिसते.

मराठी घरांना या बाबतीत एक मोठा वारसा मिळालेला आहे. जुन्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी पाठ केलेल्या असत, आणि त्यामुळे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे हिशेब त्यांच्या तोंडावर असत. ती सर्व पाठ करून घेण्याची आज गरज नाही, पण हे शब्द रोज वापरले पाहिजेत. सव्वाशे म्हणजे किती, पावणेदोनशे म्हणजे किती, अडीच किलोला एवढे तर पाऊण किलोला किती, पावणेसहाची गाडी सव्वासातला पोहोचली तर किती वेळ लागला, असे प्रश्न स्वयंपाक करताना किंवा प्रवासात विचारता येतात. अलीकडे अनेक मुलांना 'पावणेदोनशे' म्हणजे १७५ हे कळत नाही, आणि ही केवळ भाषेची हानी नाही. अपूर्णांकांचा रोजचा फुकटचा सराव त्यांच्या हातून निघून गेला आहे.

दशांशासाठी रुपये-पैशांपेक्षा शिंप्याची टेप किंवा मीटरपट्टी अधिक चांगली, कारण पैसे आता व्यवहारात फारसे दिसत नाहीत. ३.५ मीटर म्हणजे ३ मीटर ५० सेंटिमीटर आणि ३.२५ मीटर म्हणजे ३ मीटर २५ सेंटिमीटर हे टेपवर बोट ठेवून दाखवले की कोणती संख्या मोठी हा प्रश्न उरत नाही. येथे घाई करू नये. शेकडेवारी, गुणोत्तर, व्याज, नफा-तोटा हे सारे यावरच उभे आहे.

सातवी-आठवीत बीजगणित सुरू होते तेव्हा बरोबर या चिन्हाचा अर्थ पक्का हवा. ८ + ४ = □ + ५ मध्ये चौकटीत १२ लिहिणारे मूल '=' चा अर्थ 'आता उत्तर लिही' असा घेते; दोन्ही बाजू सारख्या आहेत असा घेत नाही. योग्य उत्तर ७ आहे. हा अर्थ पक्का झाल्याशिवाय 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हा नियम सांगू नये; क्ष + ५ = १२ मध्ये दोन्ही बाजूंतून ५ वजा करणे हेच मुलाला आधी कळू द्यावे.

सहावी पायरी: रोजची बैठक आणि पालकाचा स्वर

रोज वीस मिनिटे, ठरलेल्या वेळी, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून बसणे हे रविवारी तीन तास बसवण्यापेक्षा कितीतरी चांगले. सुरुवात मुलाला हमखास येणाऱ्या उदाहरणाने करावी, मधला वेळ अडलेल्या पायरीला द्यावा आणि शेवटी शाळेच्या चालू सरावसंचातील एक-दोन उदाहरणे घ्यावीत. बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात, त्यामुळे मागच्या इयत्तेचे पुस्तक शोधत फिरावे लागत नाही. मात्र सहावीतील मुलापुढे चौथीचे पुस्तक उघडून ठेवल्यास त्याला कमीपणा वाटतो. त्यातील उदाहरणे आपण वहीत उतरवून द्यावीत.

पालकाच्या स्वतःच्या भीतीबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकेतील पहिली-दुसरीच्या मुलांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पालकांना गणिताची धास्ती होती आणि जे गृहपाठात वारंवार मदत करत होते, त्यांची मुले त्या वर्षात गणित कमी शिकली आणि त्या मुलांची धास्तीही वाढली. धास्ती असूनही जे पालक कमी वेळा मदत करत, त्यांच्या मुलांत असा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ अशा पालकांनी दूर राहावे असा मी घेत नाही. त्यांनी शिकवण्याऐवजी ऐकावे, "मला हे नीट आठवत नाही, तू मला समजावून सांग" असे म्हणावे, आणि "आमच्या घरात कोणालाच गणित येत नव्हते" हे वाक्य मुलासमोर कधीही उच्चारू नये. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच कटाक्षाने पाळावे.

चूक झाली की पेन्सिल हातातून घेऊन स्वतः सोडवून दाखवण्याचा मोह आवरावा. मूल अडल्यावर मनात दहापर्यंत मोजून थांबावे, मग "येथपर्यंत बरोबर आहे, आता पुढे काय शोधायचे आहे?" एवढेच विचारावे. उत्तर बरोबर आल्यास "हुशार आहेस" म्हणण्यापेक्षा "ताळा करून पाहिलास हे चांगले केलेस" असे नेमके सांगावे.

सातवी पायरी: शाळा, शिकवणी आणि तज्ज्ञांची मदत

पालकसभेत "अभ्यासात कसा आहे?" असे मोघम विचारून काही हाती लागत नाही. नोंदवही सोबत न्यावी आणि "समान छेद करताना अडतो, वर्गात हे कोणत्या पद्धतीने शिकवले आहे?" असे विचारावे. घरची आणि शाळेची पद्धत वेगळी असल्यास निदान सुरुवातीला शाळेची पद्धत पाळावी, अन्यथा मुलाची दोन्हीकडून ओढाताण होते. शिकवणी लावायचीच असेल तर तेथेही हीच वही दाखवावी आणि मागच्या इयत्तेची पायरी भरून काढण्याची तयारी आहे का हे विचारावे. केवळ शाळेचाच भाग आठवडाभर आधी शिकवणाऱ्या वर्गाचा अशा मुलाला उपयोग होत नाही.

काही महिने नियमित आणि शांत प्रयत्न करूनही मुलाला लहान संख्यांची तुलना जमत नसेल, घड्याळ वाचता येत नसेल, काल आलेली बेरीज आज पूर्णपणे नवी वाटत असेल, तर तो आळस समजू नये. गणिताशी संबंधित अध्ययन अक्षमता काही मुलांत असते आणि तिचा बुद्धिमत्तेशी संबंध नसतो. प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत आणि मग बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या पालिका रुग्णालयांत तशी सोय आहे. अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि गणकयंत्र यांसारख्या सवलती मिळतात. तपासणीच्या तारखा आणि कागदपत्रे यांत बराच काळ जातो, म्हणून शंका असल्यास दहावीची वाट न पाहता प्राथमिक इयत्तांतच मुख्याध्यापकांना भेटून ही प्रक्रिया सुरू करावी, आणि ती चालू असतानाही रोजची वीस मिनिटांची बैठक नाणी, पट्टी आणि टेप घेऊन सुरू ठेवावी.